कपाळावरची राख पुसली ते वर्ष

मी बडबडी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तक्रार करायला नको. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, मिस्सा संपून फादर घरी जाऊन जेवायलासुद्धा बसले, तरी ही आपली चर्चच्या पायरीवर उभीच. खरंच होतं ते. शाळा माझी सातवीपर्यंत झाली. बाकी जे काय शिकले ते माणसांशी बोलून. त्यामुळे लिहायला बसले तरी बोलल्यासारखंच लिहिते.

माझं माहेर माजिवड्याचं. आता तिथे पूल आणि टॉवर आहेत, पण माझ्या लहानपणी भाताची खाचरं होती, गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस होता, आणि घरात आम्ही मराठीच बोलायचो. पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो. तरी डोंबिवलीत मला अजून कुणीतरी विचारतं, ख्रिश्चन असून तुमचं मराठी इतकं चांगलं कसं? मी म्हणते, तुमचं जसं झालं तसंच.

माझी आय मिश्री लावायची. दिवसातून तीनदा, कोपऱ्यात बसून, डोळे मिटून. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमचा उपासकाळ असतो, तेव्हा ती मिश्री सोडायची. मटण-मासळीचं तिला काही वाटत नसे, मिश्रीचं मात्र वाटे. मग ते चाळीस दिवस घरात भांडी जोरात आपटायची, आम्हा भावंडांना विनाकारण धपाटे मिळायचे. बाबा एकदा हळूच म्हणालेले, देवाने तिची मिश्री घेतली आणि आम्हाला तिच्या तावडीत दिलं. आम्ही हसलो होतो. तेव्हा मला कळलं नाही की हे बोलणं एक दिवस मलाच लागू पडणार आहे.

लग्नानंतर काही वर्षं ठाण्यात भाड्याने राहिलो, मग डोंबिवलीला लागून कोपरला घर घेतलं. तिसरा मजला, एका मजल्यावर दोनच घरं, दारासमोर दार. समोर वहिनी. मी त्यांना वहिनी म्हणायला लागले, आणि त्या मला आंटी. आता गंमत बघा, ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली, पण ख्रिश्चन बाई दिसली की ती आंटीच, असा डोंबिवलीत नियमच आहे. पहिल्या वर्षी अहो-जाहो होतं, मग कधी गेलं आठवत नाही.

वहिनीचं घर शुद्ध शाकाहारी. मी सुरुवातीला चतुर्थी, एकादशी टाळून बोंबील तळायचे, आणि तळताना दार घट्ट लावून, वर फटीत फडकं कोंबून. एकदा तिने बेल वाजवली आणि म्हणाली, "आंटी, उघड गं ते दार, आत घुसमटशील. वाऱ्याला काय माझा उपास माहीत आहे?" त्या दिवसापासून दार उघडं.

दोघींचेही नवरे दोन वर्षांच्या अंतराने गेले. तिचा मुलगा पुण्याला, माझी मुलगी लग्न होऊन गोव्याला. मग दुपारी चारला पॅसेजमध्ये दोन खुर्च्या यायच्या, एक तिची, एक माझी. चहा तिचा, खारी माझी. तिच्या घराची चावी माझ्याकडे, प्रभूच्या तसबिरीखालच्या खिळ्यावर. माझी तिच्याकडे, देवघराच्या खणात. आणि बोलणं? ते तर सगळ्या बिल्डिंगचं. कोण आलं, कोण गेलं, कुणाची सून काय म्हणाली. वाईट हेतू नव्हता, पण खरं सांगते, रस मात्र पुष्कळ होता.

त्याच रसातून ते झालं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंची सून दोन बॅगा घेऊन रिक्षात बसताना मला दिसली. मी चारच्या चहाला सांगून टाकलं की त्यांच्याकडे काहीतरी बिनसलंय, मुलगी माहेरी गेली. वहिनीजवळ बोलले, मग भाजीवाल्याकडे आणखी एकीजवळ बोलले. खरी गोष्ट अशी होती की त्या मुलीच्या आईला पॅरालिसिसचा झटका आला होता आणि ती बिचारी सेवा करायला धावली होती. आठवड्याने लिफ्टमध्ये पहिल्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "आंटी, तुम्ही असं बोललात का?"

मी म्हणाले, नाही.

लिफ्ट थांबली, त्या उतरल्या. त्यांनी विश्वास ठेवला नव्हता हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. रोज रोझरीची जपमाळ म्हणणारी बाई मी, आणि एका मजल्याच्या अंतरात सरळ खोटं बोलले.

हे झालं राखेच्या बुधवारच्या, म्हणजे आमचा उपासकाळ लागतो त्या दिवसाच्या, आदल्या आठवड्यात. मनाला लागलं होतं. मी ठरवलं, या उपासकाळात काहीतरी अंगाला झोंबेल असं सोडायचं. मटण तर डॉक्टरांनी आधीच बंद केलेलं, ते सोडून देवाला काय दाखवणार? मी ठरवलं, चाळीस दिवस जो माणूस समोर नाही त्याच्याविषयी एक शब्द बोलायचा नाही. चांगला नाही, वाईट नाही. मोठा विचार केला असं मला वाटलं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली असेल.

त्या बुधवारी चर्चमध्ये कपाळावर राखेचा क्रूस काढतात. दरवर्षी मी तो तसाच ठेवून घरी यायचे. पहिल्या वर्षी वहिनी म्हणाली होती, आंटी, कपाळाला काहीतरी लागलंय. मी समजावून सांगितलं. तेव्हापासून ती राख दिसली की तीच म्हणायची, "लागला का तुमचा श्रावण?" आणि काय सोडलंस ते विचारायची. पण त्याच दिवशीच्या बायबलच्या वाचनात असतं की उपास करताना चेहरा पाडून फिरू नये, लोकांना कळूही देऊ नये, ते देवाला कळतं तेवढं पुरे. इतकी वर्षं ऐकलेलं, त्या वर्षी मी अगदी मनावर घेतलं. रिक्षातून उतरायच्या आधी रुमालाने कपाळ स्वच्छ पुसलं. वहिनी दारातच होती. तिने माझ्या कपाळाकडे बघितलं, काही दिसलं नाही, आणि ती तुळशीला पाणी घालायला आत गेली.

माझी सगळी चूक त्या रुमालात आहे.

तुम्ही कधी करून बघा. समोर नसलेली माणसं बोलण्यातून काढून टाकली की काय उरतं? गुडघे, पाण्याची वेळ आणि ऊन. पहिले दोन दिवस आम्ही गुडघ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी वहिनीने कुणाचा तरी विषय काढला, मी म्हणाले, खारी मऊ पडलीय का गं? तिने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग एक दिवस ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, अगं, आमचा मुलगा काल फोनवर म्हणत होता. वाक्य अर्धंच होतं. मी हात वर केला आणि म्हणाले, "जाऊ दे गं वहिनी, दुसऱ्यांविषयी कशाला बोलायचं आपण?"

असं मी तिला एकदा नाही, तीनदा थांबवलं. तिन्ही वेळा तिच्या मुलाचाच विषय होता. मला ते लक्षात यायला हवं होतं, पण मी माझ्या उपासाचे दिवस मोजण्यात गुंतले होते.

मग एक दिवस तिने सांगितलं की चहा पावडर संपलीय. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणाली. मग तिची खुर्ची बाहेर आलीच नाही. होळीला दरवर्षी ती पुरणपोळी ताटात घालून स्वतः आणते आणि मी पहिला घास खाईपर्यंत हलत नाही. त्या वर्षी डबा माझ्या दाराच्या कडीला पिशवीत लटकवलेला सापडला. मी तो घासून, द्राक्षं भरून तिच्या कडीला लटकवला. दोघी घरात आणि डबे कड्यांना. त्यानंतर थोड्या दिवसांनी तिने चावी परत मागितली. सुतार यायचाय, कुलूप बदलायचंय, म्हणाली. मी खिळ्यावरून काढून दिली.

आणि मी काय समजले असेन? मला वाटलं, देव माझी परीक्षा बघतोय. जणू देवाला कोपरच्या तिसऱ्या मजल्याशिवाय दुसरं कामच नाही. मी आणखी नेटाने गप्प बसले.

उपासकाळाचा पाचवा आठवडा असेल. सकाळी अकराच्या सुमारास पॅसेजमध्ये आवाज आले म्हणून मी दार उघडलं. एक तरुण जोडपं आणि त्यांच्याबरोबर एजंट. एजंटच्या हातात वहिनीच्या घराची चावी. जुनीच चावी, लाल दोरा बांधलेली. तो दोरा मीच बांधला होता. मी विचारलं, कुठे निघालात? तो म्हणाला, फ्लॅट बघायला आणलंय यांना, मॅडम बँकेत गेल्यात, चावी वॉचमनकडे ठेवून गेल्या. विकायचाय ना. तुम्हाला माहीत नाही?

इतकी वर्षं त्या घराची चावी माझ्याकडे होती, आणि आता ती वॉचमनकडे ठेवली होती. मी दार लावून आत आले आणि रिकाम्या खिळ्याकडे बघत बसले. ते जोडपं समोरच्या घरात हसत होतं, हॉलमध्ये टीव्ही कुठे लावायचा ते ठरवत होतं.

त्याच शनिवारी चर्चमध्ये ईस्टरच्या आधीचं पापनिवेदन होतं. ही मोठी रांग, सगळे ओळखीचे, आणि मी कुणाशी बोलत नाही म्हणून सगळे मला तब्येत विचारतायत. फादर नवीन होते, वसईकडचे, माझ्या मुलीपेक्षा लहान. मी सगळं सांगितलं. लिफ्टमधलं खोटं, मग उपास, तो किती कडक पाळला ते, आणि मग समोरच्या वहिनीने कसं तोंड फिरवलं, मला न सांगता घर विकायला काढलं ते. थोडी तक्रारच केली म्हणा ना. फादर बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांचा मुलगा फोनवर काय म्हणत होता?"

मी म्हणाले, मला काय माहीत.

आणि हे म्हणता म्हणताच मला कळलं. तीन वेळा ती बाई मला सांगायला आली होती. नेहमी प्रायश्चित्त म्हणून तीन-चार प्रार्थना म्हणायला सांगतात. या फादरांनी सांगितलं, आधी त्यांच्याकडे जाऊन या, प्रार्थना मग. मी म्हणाले, पण फादर, मग उपासाचं सांगावं लागेल, ते तर गुप्त ठेवायचं असतं. जाळीपलीकडच्या अंधारात त्यांचा चेहरा दिसला नाही, पण ते हसले असावेत. म्हणाले, सांगा, माझ्या जबाबदारीवर सांगा.

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. चर्चमधून आणलेली झावळी तसबिरीला खोचली आणि बरोबर चारला मी माझी खुर्ची बाहेर काढली. मग तिची बेल वाजवली. तिने दार उघडलं, जाळीचं दार मात्र बंदच.

"चहा संपलाय," ती म्हणाली.

"पाणी दे."

तिने पाणी आणलं, त्यासाठी तिला जाळी उघडावी लागली. मी तांब्या घेतला आणि खाली बघून सगळं सांगत सुटले, तांब्यातल्या पाण्याशी बोलल्यासारखी. राखेपासून सुरू केलं. लिफ्टपर्यंत आले. ती उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, कारण तिचे गुडघे. शेवटी ती आत गेली आणि आपली खुर्ची घेऊन आली. बसली.

"म्हणजे तुमचा श्रावण चालू होता," ती म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगायचं नसतं गं."

"इतकी वर्षं कपाळावर लावून येत होतीस, तेव्हा नव्हतं ते?"

गणिताच्या बाईंपुढे उभं राहिल्यासारखं झालं. तिने आणखी विचारलं, "त्या पहिल्या मजल्यावरच्या बाईंकडे गेलीस का?" मी मान हलवली, नाही. तेव्हा ती म्हणाली, "माफी तिची मागायची होती आंटी, आणि अबोला धरलास माझ्याशी. हे कुठलं गणित?"

चाळीस दिवसांच्या माझ्या उपासाचं उत्तर तिने दोन वाक्यांत काढून दिलं. मी खरोखरच माफी टाळण्यासाठी उपास धरला होता. पहिल्या मजल्यावर जायची लाज वाटत होती, म्हणून तिसऱ्या मजल्यावर संत होऊन बसले होते. आयची मिश्री मला आठवली. तिच्या उपासाचे धपाटे आम्ही खाल्ले, माझ्या उपासाचे वहिनीने.

मग मी विचारलं, मुलगा काय म्हणत होता. आता तिची पाळी होती खाली बघायची. मुलाने पुण्यात मोठं घर घेतलं होतं, चौदाव्या मजल्यावर. आई, तू आता एकटी नको राहूस, ते घर विकू आणि तू ये, असं म्हणत होता. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. म्हणूनच तिला ठरवता येत नव्हतं. जावं का राहावं, हे तिला मला विचारायचं होतं.

"तो म्हणाला, तिथे आता तुझं आहे कोण?" वहिनी म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर मी तुझ्या दाराकडे बोट दाखवलं असतं. त्या दिवशी मी दाराकडे बघितलं, आणि म्हटलं, विक बाबा."

मी रडले हे लिहायला हरकत नाही. ती रडली नाही, तिने पदराने चष्मा पुसला. पैसे अजून कुणी दिले नव्हते, त्या जोडप्याने गुरुवारी कळवतो म्हटलं होतं. माझ्या ओठांवर आलं होतं, नको जाऊस. पण पोटच्या मुलाकडे जाणाऱ्या बाईला अडवणारी मी कोण? उद्या तिचे गुडघे जास्त बिघडले तर मी काय तिला उचलणार आहे? मी म्हणाले, "मला तू इथे हवी आहेस. पण ते माझं झालं. तुझं तू बघ."

ती उठून आत गेली, आणि थोड्या वेळाने आतून आल्याचा वास आला. चहा संपलेला नव्हताच.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या मजल्यावर गेले. बाईंनी दार उघडलं, आणि मी दारातच सांगितलं, होय, ते मीच बोलले होते, आणि लिफ्टमध्ये खोटं बोलले. त्यांनी मला आत बोलावलं नाही. म्हणाल्या, ठीक आहे आंटी, सांगितलंत ते बरं केलंत. आणि दार लावलं. मला वाटलं होतं त्या मिठी मारतील वगैरे, तसं काही झालं नाही. आता दिसल्या की हसतात, थोडंसं. तेवढंही मला पुष्कळ आहे. त्यांच्या विहिणीसाठी मी रोज प्रार्थना करते. त्या आता काठी घेऊन चालायला लागल्यात असं ऐकलं, आणि ऐकलं ते खुद्द बाईंच्याच तोंडून.

गुरुवार आला. आमचा तो पवित्र गुरुवार, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले होते, तसे संध्याकाळच्या मिस्साला फादर बारा माणसांचे पाय धुतात. मी तयार होऊन, चपला घालून निघाले होते, तेवढ्यात वहिनीचा मोठा आवाज पॅसेजमध्ये आला. ती मुलाशी फोनवर बोलत होती, दार सताड उघडं टाकून. मला ऐकू यावं म्हणूनच असेल. म्हणत होती, "हे बघ, घर राहू दे. मी पावसाळ्यात येते दोन महिने, दिवाळीत येते. उरलेलं वर्ष माझं इथे आहे. नाही, एकटी नाही. एकटी नाही म्हणते ना."

मी चपला घातलेल्याच उभी राहिले. देवाचे आभार मानायला लांब जावं लागलं नाही, जिन्याच्या कठड्यालाच हात टेकून मानले. चर्चला उशीर झाला, पाय धुऊन संपले होते.

ईस्टरला मी तिच्याकडे माझा बिनअंड्याचा केक घेऊन गेले. तिने तो एका हाताने घेतला आणि दुसऱ्या हाताने चावी दिली, तोच लाल दोरा. कुलूप बदललंच नव्हतं, सुतारही आला नव्हता. म्हणजे खोटं तीही बोलली होती, पण मी ते बोलून दाखवलं नाही. इतकं तरी शिकले.

आता पावसाळ्यात ती पुण्याला गेली की तिच्या गॅलरीतल्या तुळशीला पाणी मी घालते. चर्चमधल्या एकीने मला विचारलं, चालतं का आपल्याला? मी म्हणाले, झाडाला तहान लागते, एवढं मला माहीत आहे. रोज चारला वहिनीचा फोन येतो. चौदाव्या मजल्यावरची माणसं मला आता नावानिशी माहीत झालीत. त्यांच्याविषयी आम्ही बोलतो, बोलतो की. फक्त जे त्यांच्या तोंडावर बोलता येईल तेवढंच, असं दोघींनी ठरवलंय. कधी कधी ओलांडलं जातं. मग ती म्हणते, आंटी, लिफ्ट. आणि मी गप्प होते.

यंदाच्या राखेच्या बुधवारी मी कपाळ पुसलं नाही. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. वर आले तर वहिनी दारात, हातात पाण्याचा तांब्या.

"लागला का तुमचा श्रावण?" तिने विचारलं. "काय सोडलंस?"

"साखर."

"बरं. चहा वेगळा करते," ती म्हणाली, आणि खुर्च्या काढायला लागली.